अर्भकांचे सूर-संवेदन

बोलण्यातील उच्चनीचता, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनांच्या वारंवारतेनुसार जाणवणारा आवाजाचा चढ-उतार, ओळखण्याची अर्भकाची क्षमता. गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत कान काम करू लागलेला असतो आणि आईच्या बोलण्यातील व्यंजनांचे बारकावे गर्भाशयात पुसट झाले, तरी सुरावट व लय गर्भापर्यंत पोहोचते. फ्रान्समधील १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवजात अर्भकांनी चढत्या व उतरत्या सुरांतील जपानी शब्द वेगळे ओळखले. सूर बदलताच जोराने चोखण्याचे प्रमाण वाढते, यावरून ते ताडता आले.

हा सूर कशासाठी वापरायचा, हे मात्र घरची भाषा शिकवते. मराठीत ‘बाबा आले’ हे विधान केवळ शेवटचा सूर चढवल्याने प्रश्न होते, पण शब्दाचा अर्थ सुरामुळे पालटत नाही. ज्या भाषांत तो पालटतो त्यांना तानभाषा म्हणतात, आणि पंजाबी ही त्यांपैकीच एक असल्याने मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः फाळणीनंतर पंजाबी कुटुंबे स्थायिक झालेल्या मुलुंडसारख्या ठिकाणी, दोन्ही प्रकारच्या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. मराठी बाळाला ‘घोडा’ हा शब्द महाप्राण ‘घ’मुळे कळतो, पंजाबीत त्याच शब्दाचा आरंभ ‘क’सारखा होतो, आणि घोडा, चाबूक व कुष्ठरोगी या अर्थांचे तीन शब्द केवळ सुराने निराळे राहतात.

कॅरेन मॅटॉक आणि डेनिस बर्नहॅम या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की इंग्रजी ऐकणाऱ्या अर्भकांची थाई भाषेतील ताना, म्हणजे अर्थ पालटणारे सूर, ओळखण्याची क्षमता सहाव्या ते नवव्या महिन्यांत घटते, चिनी ऐकणाऱ्यांची टिकते, आणि व्हायोलिनच्या सुरांतील तसाच फरक मात्र दोघांनाही कळत राहतो. म्हणजे कान मंदावत नाही, तर भाषेला निरुपयोगी वाटणाऱ्या भेदावरचे लक्ष ओसरते. एकाच घरात मराठी व पंजाबी ऐकणाऱ्या अर्भकाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे सयुक्तिक नाही, कारण त्याच्यासाठी ते भेद निरुपयोगी नसतात.

सुरांकडचे लक्ष असे पहिल्या वर्षातच भाषेनुसार घडत असल्याने श्रवणदोषाचे निदान पहिल्या काही महिन्यांतच होणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या क्षेत्रांत कार्य करते. श्रवणदोष असलेल्या मुलांना कर्णावर्त-रोपणाने (कॉक्लिअर इम्प्लांट) शब्द बऱ्यापैकी ऐकू येऊ लागले, तरी त्या उपकरणातील मोजक्या विद्युतअग्रांतून उच्चनीचता अपुरीच पोहोचते, म्हणून रोपण झालेल्या मुलांना प्रश्न आणि विधान यांतील सुराचा फरक ओळखणे तुलनेने अवघड जाते.