पिशवी दाबणारे हात

1952 चा सप्टेंबर. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात आज तुमची रात्रपाळी आहे. वय जेमतेम विशीचं, डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर, आणि हातात रबराची एक पिशवी. ती दाबली की खाटेवरच्या पोराची छाती वर येते, सोडली की खाली बसते. पोलिओनं त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडलेत. गळ्याला छेद देऊन नळी बसवली आहे. तिच्यातून जो वारा आत जातो, तो सगळा तुमच्या मनगटाच्या जोरावर.

गेल्याच महिन्यात इथे हाहाकार होता. असे 31 रुग्ण आले, त्यांतले 27 तीन आठवड्यांत गेले. रुग्णालयाकडे गळ्यापर्यंतचं शरीर आत घेणारं लोखंडी फुफ्फुस होतं एकच. मग ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावणं गेलं. ऑपरेशनच्या टेबलावर तो रोज जे करायचा, तेच त्यानं 27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मरणासन्न मुलीवर करून दाखवलं. नळी घातली, तरी ती तडफडत होती, हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर ‘संपलं’ म्हणून एकेक करून निघू लागले. इब्सेननं तिला भुलीचं औषध दिलं, तिची धडपड थांबली, आणि पिशवीतली हवा आत जाऊ लागली. मुलगी वाचली. पण इतक्या खाटांना पिशव्या दाबायच्या कुणी? म्हणून तुम्ही. साथ सरेपर्यंत सुमारे 1500 विद्यार्थ्यांचे हात या कामी लागतील.

पोरगं जागं आहे. नळीमुळे आवाज फुटत नाही, पण चेहरा बोलतो. पिशवी कमी दाबली की कपाळाला आठ्या, नीट दाबली की डोळे निवतात. पहिल्या तासाभरातच तुम्हाला ही भाषा कळू लागते. एका हातानं पिशवी, दुसऱ्या हातात गोष्टीचं पुस्तक. पान उलटायचं तेव्हा मात्र कसरत. मध्येच तुम्ही एक ओळ गाळता, तर तो डोळे वटारतो. गोष्ट त्याला पाठ आहे, लबाड कुठला.

रात्री रुग्णांना झोप लागावी म्हणून दिवे मंद करतात. हेतू चांगलाच. पण त्या अंधुक उजेडात रुग्ण आहे की गेला, हे पिशवी दाबणाऱ्याला कळत नाही. छाती तर हलतच असते. पलीकडच्या खाटेशी बसलेली मुलगी रात्रभर पिशवी दाबत राहिली. सकाळी दिवे लागले, तेव्हा तिला कळलं. ती तुमच्याच वर्गातली. तिला काय बोलावं, हे शिकवणारा तास तुमच्या अभ्यासक्रमात नाही. पुढच्या पाळीला ती येईल की नाही, कुणी विचारतही नाही. वैद्यकाच्या इतिहासात ही साथ विजय म्हणून सांगतात. तो आहेच, पण ही मुलगीही त्यातच धरली पाहिजे.

डिसेंबर 1953. त्याच शहरातल्या कम्यून रुग्णालयात इब्सेन अतिदक्षता विभाग उघडतो. पिशवीच्या जागी हळूहळू यंत्रं येतात. यंत्र दमत नाही, त्याला परीक्षा नसते, ते रडतही नाही. त्याच्याशी जुळवून घेता यावं म्हणून पुढे रुग्णालाच गुंगीत ठेवायची रीत पडते. उशाशी बसायचं कारणच उरत नाही.

1980 चं दशक, डेन्मार्कच. आता खाटेवर तुम्ही आहात. जाग येते तेव्हा दोन आठवडे कुठे गेले, पत्ता नाही. आठवतं ते भलतंच: सिस्टर तुम्हाला विष देत होत्या, खोली जहाजासारखी डुलत होती. घरच्यांना सांगायची लाज वाटते. मग एक सिस्टर वही पुढे करते. ‘आज मंगळवार. तुम्हाला ताप आहे, खोकला फार. तुमची बहीण आली होती, तिनं पाय चोळून दिले.’ रोजचं पान, साध्या भाषेत, काही घरच्यांच्या अक्षरात, अधूनमधून फोटो. जहाज म्हणजे तुम्हाला कुशीवर वळवत होते ते, हा उलगडा तुमचा तुम्हालाच होतो. 2010 मध्ये सहा युरोपीय देशांतल्या अभ्यासात, वही मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांना त्या आजारपणाच्या धक्क्यातून मानसिक आजार जडला. न मिळालेल्यांत 13 टक्क्यांना. वही-पेनाचा खर्च किती, ते तुम्हीच धरा.

त्याच वर्षी तुम्ही डेन्मार्कमधल्याच ओडेन्समध्ये आहात. तिथल्या डॉक्टरांनी 140 रुग्णांवर करून पाहिलं: वेदनेसाठी मॉर्फिन द्यायचं, पण व्हेंटिलेटरवर सरसकट गुंगी द्यायची नाही. जागे राहिलेले यंत्रावरून लवकर सुटले. मात्र जागा माणूस घाबरतो, नळीला हात घालतो. म्हणून कधीकधी खाटेशी एक जास्तीचा माणूस लागला, नुसता धीर द्यायला. आज तो माणूस तुम्ही. रुग्ण तुमचं मनगट धरतो, खिडकीकडे खूण करतो. पडदा सरकवायचा आहे.

टीकाकारांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: एवढी माणसं आणायची कुठून? 2020 मध्ये याहून मोठा अभ्यास आला, त्यात 90 दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. हिशेब मृत्यूंचाच मांडायचा, तर तुमची खुर्ची उचलायला हरकत नाही. पण रुग्णानं अजून मनगट सोडलेलं नाही, आणि पडदा त्याला आणखी थोडा बाजूला हवाय.