एका खोट्या चौकटीची कुळकथा

ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीत एका रिसॉर्टवर छापा घातला. पाऊस, धुकं आणि मुंबईकरांच्या सहलींवर जगणारं हे गाव. तिथे भाड्याने घेतलेल्या जागेत बासष्ट जण कामावर सापडले. ‘ॲमेझॉन सपोर्ट’ असल्याची बतावणी करून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना लुबाडणारं कॉल सेंटर तिथे चालत होतं, असं सीबीआयचं म्हणणं. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाइल, १ कोटी २० लाखांची रोकड, अर्धा किलो सोनं, सात महागड्या गाड्या असा ऐवज हाती लागला. मला त्या यादीपेक्षा तिथली कामाची वाटणी बोलकी वाटली. डायलर, व्हेरिफायर, क्लोजर. एकाने फोन लावायचा, दुसऱ्याने सावज पारखायचं, तिसऱ्याने पैसे काढून घ्यायचे.

या धंद्याच्या एका शाखेत मात्र डायलरची गरजच उरलेली नाही. संगणकावर काहीतरी वाचत असताना स्क्रीनभर चौकट उघडते. व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जाते आहे, संगणक बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. भोंगा वाजतो, माउस दाद देत नाही, आणि घाबरलेला माणूस आपणहून नंबर फिरवतो. डायलरचं काम चौकट करते, तेही बिनपगारी.

या चौकटीचं कूळ शोधत गेलं की पहिला पूर्वज अगदी निरुपद्रवी निघतो. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी बिथरली. तेव्हा तिथे काम करणाऱ्या ईथन झुकरमनने तोडगा काढला, की जाहिरात पानाच्या अंगावर नकोच, ती वेगळ्या छोट्या खिडकीत उघडू दे. हाच पॉप-अप. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून त्याने जगाची माफी मागितली. दुसरा पूर्वजही त्याच काळातला. नेटस्केपच्या ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली. तिच्यात वाचकाला सूचना देण्यासाठी एक छोटी पेटी होती. ‘ओके’ दाबल्याशिवाय पुढे काहीच करता येऊ नये, अशी तिची रचना. सोय म्हणून केलेली ही सक्ती पुढे भामट्यांना फार उपयोगी पडली. ‘ओके’ दाबलं की तीच पेटी पुन्हा, पुन्हा दाबलं की पुन्हा.

भीती विकायला सुरुवात झाली ती साधारण २००५ च्या आसपास. ‘विनफिक्सर’सारखे प्रोग्राम संगणक तपासल्याचं नाटक करायचे, शेकडो काल्पनिक दोष दाखवायचे आणि ते ‘दुरुस्त’ करायला पैसे मागायचे. यामागची इनोव्हेटिव्ह मार्केटिंग ही कंपनी नोंदणीने बेलीझची, पण कारभार चालायचा युक्रेनच्या कीव्हमधून. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला कोर्टात खेचलं, तेव्हा गंडवलेल्या ग्राहकांचा आकडा दहा लाखांच्या वर सांगितला होता. जून २०११ मध्ये एफबीआयने अशाच आणखी टोळ्यांवर कारवाई केली. त्यांतल्या एकीनेच ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर उकळल्याचा आरोप होता.

आता गोष्ट आपल्याकडे येते. १ एप्रिल २००२ रोजी भारतात इंटरनेटवरून फोन करण्याला कायदेशीर मान्यता मिळाली आणि परदेशी फोन मातीमोल झाला. इंग्रजी उच्चार घोटून घेतलेली, रात्रपाळीला सरावलेली हजारो तरुण मुलं कॉल सेंटरांनी तयार केलेलीच होती. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने २०१० मध्ये लिहिलं, की २००८ पासून कोलकात्यातली कॉल सेंटरं ‘मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय’ म्हणत घरोघरी फोन लावताहेत.

यातलं खरं कसब फोनवरच्या प्रात्यक्षिकात होतं. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. संगणकात घडलेली बारीकसारीक गोष्ट तिथे टिपली जाते आणि ठणठणीत यंत्रातही लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी सापडतात. समोरच्याला ती उघडायला लावायची आणि खुणा मोजायला सांगायच्या. त्याहून नामी युक्ती म्हणजे एक साधी आज्ञा टंकायला सांगून ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक वाचून दाखवायचा. हा तुमच्या संगणकाचा गुप्त क्रमांक, माझ्याकडे आहे, पडताळून पाहा! तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो. पण हे सत्तरीच्या बाईंना कोण सांगणार? दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी, फक्त तिचा अर्थ खोटा, आणि म्हणूनच भलेभले फसले. पुढे दुरून संगणक चालवण्याचं टीमव्ह्यूअरसारखं सॉफ्टवेअर बसवून घ्यायचं. तेही अस्सल, कचेऱ्यांतून रोज वापरलं जाणारं. ऑक्टोबर २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर एकदम खटले भरले. ‘दुरुस्ती’चे ४९ ते ४५० डॉलर घेतले जात होते.

अनोळखी फोनला लोक सावध झाले, तसा जुन्या चौकटीचा आणि फोनवरच्या गोडबोल्याचा संबंध जुळला. मध्ये पोलिसांच्या नावाने ब्राउझर अडकवून दंड मागणाऱ्या पानांनीही वाट दाखवली होती. आता चौकटीत माल विकायचा नाही, नुसता फोन नंबर द्यायचा. न्यू यॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी पानं महिनोन्‌महिने गोळा केली आणि साठ वेळा स्वतः फोन करून पाहिले. २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मागणी सरासरी २९० डॉलरची, आणि ८५ टक्के बोलणारे भारतात बसलेले.

महाराष्ट्राचं नाव या वहीत ठळक झालं ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून अधिक जणांची चौकशी केली, सत्तर जणांना अटक केली. तिथे बतावणी अमेरिकन आयकर खात्याची होती, साचा तोच. अशा मुलांना ‘बिचारी बेरोजगार’ म्हणून सोडून द्यायची आपली एक सवय आहे. पहिल्या आठवड्यात काय चाललंय हे न कळणं मी समजू शकतो. दुसऱ्या महिन्याचा पगार घेताना मात्र सगळं कळलेलं असतं. इगतपुरीच का, याचं उत्तर माझ्या मते भूगोलात आहे. हमरस्ता हाताशी, रिसॉर्टात पाहुण्यांची ये-जा नित्याची. तिथे साठ तरुण रात्रभर जागले तर शेजारी विचारणार कोण?

एव्हाना या घराण्याची एक शाखा घरच्यांवरच उलटली आहे. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये चौकटीऐवजी व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा खोटा गणवेश असतो, पण ‘बंद करू नका, कुणाला सांगू नका, आत्ताच करा’ ही तिन्ही वाक्यं जशीच्या तशी.

चौकट ओळखणं अवघड नाही. वेबपानाला तुमच्या संगणकाची तपासणी करता येतच नाही, त्यामुळे ‘तपासणीत व्हायरस सापडला’ हे विधानच खोटं. मायक्रोसॉफ्टच्या अस्सल इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीन व्यापली की पत्त्याची पट्टी दिसेनाशी होते आणि तिच्या जागी दिसतं ते नुसतं चित्र. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पूर्ण स्क्रीन सुटते आणि बंद करायची फुली सापडते. नाहीच सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, तेही जमत नसेल तर सरळ संगणक बंद करा. काही बिघडत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पानं उघडू का’ विचारेल, तेव्हा नको म्हणा.

संगणकाचा ताबा देऊन बसला असाल तर आधी इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, याच क्रमाने आणि ताबडतोब. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. नाशिक शहर आणि ग्रामीण, दोन्हीकडे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत.

एकदा फसलेल्याचं नाव यादीत चढतं आणि त्या याद्या विकल्या जातात. मग काही महिन्यांनी मऊ आवाजात फोन येतो: आमची कंपनी बंद होतेय, तुमचे तीनशे डॉलर परत करायचे आहेत. पुन्हा संगणकाचा ताबा, पुन्हा बँकेचं पान. या वेळी तुमच्याच बचत खात्यातले तीन हजार तुमच्याच दुसऱ्या खात्यात सरकवतात, किंवा ब्राउझरमधल्या दुरुस्तीच्या साधनाने पानावरचा आकडा बदलतात, आणि रडवेल्या सुरात सांगतात, चुकून एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, वरचे सत्तावीसशे परत द्या ना.