बालसंपर्कातील नोकऱ्या : पडताळणी व दायित्व (भारत)
मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीचे सुरक्षानियम. त्यांचा मुख्य आधार म्हणजे १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेला, बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी, बालगृहे यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची असते; मग तो शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी. बालसुरक्षेचे प्रशिक्षणही वेळोवेळी द्यावे लागते. व्यवहारात मात्र नेमणुकीच्या वेळचा दाखला फायलीला लागला की विषय संपतो, असेच बहुधा घडते.

पडताळणीत सापडतो तो नोंदलेला गुन्हा. माणसाची नियत नव्हे. म्हणून या कायद्याचे कलम १९ अधिक मोलाचे. अपराध घडल्याचे कळलेल्या किंवा तशी धास्ती वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. ‘आधी संस्थेत चौकशी करू’ ही सबब चालत नाही. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

हा विषय ठळकपणे समोर आला तो एका घटनेने. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत कंत्राटी सफाई कामगारावर दोन लहान मुलींवरील अत्याचाराचा आरोप झाला. संतप्त लोकांनी रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.