दोनशेतीन नारळ आणि एक तिरकी रेघ

काशीद म्हटलं की लोकांना पांढरी वाळू आणि सुरूची झाडं आठवतात. आम्हा घरच्यांना आठवतो नारळांचा हिशोब! वाडी एक, वाटेकरी चार घरं. नारळ पाडले की चौघांत सारखे वाटायचे आणि वाटून जे उरतील ते पाडणाऱ्याचे, मजुरीच्या वर. आजोबांच्या वेळची रीत.

२००७ साली मी काकांना यासाठी पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला होता. (नवीनच शिकलो होतो, दिसेल त्याचा प्रोग्रॅम करत सुटलो होतो.) २०३ नारळ सांगितले की उत्तर यायचं: प्रत्येकी ५०, उरले ३. काका खूश. पुढे जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने अर्धी वाडी आडवी केली आणि हिशोब करण्याजोगं काही राहिलंच नाही. आता वाचलेली झाडं पुन्हा धरू लागली आहेत. गेल्या महिन्यात गेलो तर काका म्हणाले, "तुझं ते गणित चालव रे."

नव्या लॅपटॉपवर ते चाललंच नाही. 'प्रिंट'च्या ओळीवरच अडलं.

पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ला. जुने प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालणार नाहीत, हे ग्वीडो व्हॅन रॉसम आणि मंडळींनी आधीच उघड सांगितलं होतं. जावावाले असं सहसा करत नाहीत, तिथे जुनं सांभाळणं हा जवळजवळ कुळाचार आहे. मग पायथनने का मोडलं? मोठं कारण होतं मजकूर. जुन्या पायथनला यूटीएफ-८ मधल्या 'काशीद' या साध्या शब्दाची लांबी विचारली तर ते १५ सांगे, कारण ते बाइट मोजायचं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. नवं ५ सांगतं. (आपण मोजली तर अक्षरं तीनच, पण ते सोडा.) मराठीत काही करू पाहणाऱ्यांच्या हे मोडणं पथ्यावरच पडलं.

पण किंमत केवढी! वर्षानुवर्षं लोक एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालावा म्हणून खटपट करत होते. त्यासाठीच्या एका लायब्ररीचं नाव 'सिक्स', म्हणजे दोन गुणिले तीन. मजकुराआधी 'यू' लावायची जुनी पद्धत ३.० मध्ये काढून टाकली होती, ती २०१२ साली ३.३ मध्ये मुकाट्याने परत घेतली. पायथन २ निवृत्त व्हायचं होतं २०१५ला, ते गेलं २०२० वर. आपल्याकडे १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तरी आजीच्या पत्रांतलं 'कांहीं' आणि 'नाहीं' वाचताना आपलं अडत नाही. यंत्राला तेवढी समज कुठली?

असो. मी 'प्रिंट'ला कंस घातले, 'रॉ-इनपुट'चं 'इनपुट' केलं. दहा मिनिटांत प्रोग्रॅम सुरू! २०३ टाकले. प्रत्येकी ५०, उरले ०.

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "दोनशेतीनाला चारने पूर्ण भाग जातो होय रे?"

पोटात गोळा आला. जुनं पायथन पूर्ण संख्यांच्या भागाकारातला अपूर्णांक टाकून द्यायचं. नवं देतं ५०.७५. त्याची चौपट एकूणातून वजा केली की बाकी शून्य. आणि उत्तर छापताना मीच पूर्णांकात छापायला सांगितलेलं, त्यामुळे पाऊण दिसलाच नाही. 'प्रिंट' निदान ओरडून अडलं होतं. हे मात्र गुपचूप पाडणाऱ्याचे तीन नारळ खाऊन बसलं.

दोष पायथनला कसा देऊ? पूर्ण भागाकारासाठी दोन तिरक्या रेघांचं चिन्ह डिसेंबर २००१ मध्येच, २.२ बरोबर आलं होतं. हा बदल होणार हेही तेव्हाच जाहीर झालं होतं. २००७ साली मी ते वापरलं असतं तर ही ओळ दोन्हीकडे तशीच चालली असती. पण एका रेघेने काम होत होतं, मग दुसरी कशाला, असा माझा खाक्या.

दुसरी रेघ घातली. उरले ३.

काकांनी ते केव्हाच बाजूला काढून ठेवले होते.