मुंबई इलाख्याची १९३७ ची निवडणूक व नेतृत्वाचा वाद

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे वाद मिटला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः कित्येकदा खरा वाद त्यानंतरच सुरू होतो. मुंबई इलाख्यातील १९३७ च्या निवडणुकीचा इतिहास ज्ञातिबांधवांनी या दृष्टीने अवश्य अभ्यासावा.

१९३५ च्या कायद्यान्वये ही निवडणूक झाली. मताधिकार सर्वांस नव्हता. मालमत्ता, शिक्षण इत्यादी अटींवर तो अवलंबून होता. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६ मिळाल्या. पक्ष सर्वांत मोठा ठरला, तथापि निर्विवाद बहुमतास तो किंचित उणा पडला. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेही या निवडणुकीत लक्षणीय यश संपादन केले.

पक्षाचा नेता कोण, हा पुढचा प्रश्न. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष खुर्शेद फ्रामजी नरीमन यांचे नाव अनेकांच्या मुखी होते. बॅकबे भरावाच्या कामातील गैरकारभार चव्हाट्यावर आणून त्यांनी मोठा लौकिक मिळविला होता. परंतु मार्चमध्ये पक्षाने बाळ गंगाधर खेर यांची निवड केली. सरदार पटेलांनी आपले वजन वापरून आपणांस डावलले, असा नरीमन यांचा आरोप होता. ते पारशी असल्यामुळे मागे पडले, अशीही कुजबुज झाली.

दरम्यान गव्हर्नरांच्या खास अधिकारांबाबत आश्वासन मिळेपर्यंत काँग्रेसने अधिकारग्रहण नाकारले. तेव्हा एप्रिलमध्ये धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. जुलैमध्ये काँग्रेसने आपला निर्णय बदलला व खेर मुख्यप्रधान झाले.

नरीमन यांच्या तक्रारीची चौकशी महात्मा गांधी व बॅरिस्टर बहादुरजी यांनी केली. निर्णय नरीमन यांच्याविरुद्ध गेला. त्यांनी तो प्रथम मान्य केला, मागाहून नाकारला; तेव्हा काँग्रेस कार्यकारिणीने त्यांस जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरविले. बहादुरजी स्वतः पारशी होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. असे असूनही संशय पुरता निवळला नाही. मौलाना आझाद यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात नरीमन यांच्यावर अन्याय झाल्याचे मत नोंदविले.

खेर यांची योग्यता पुढे त्यांच्या कारभाराने सिद्ध झाली. १९४६ मध्ये तेच पुन्हा मुख्यप्रधान झाले. नरीमन १९४८ मध्ये निवर्तले. त्यांनी ज्या बॅकबेसाठी झुंज दिली, तेथील एक भाग आज त्यांचेच नाव मिरवीत आहे.

निवड योग्य माणसाची झाली, तरी ती कशी झाली याबद्दल शंका उरली, तर तिचा डाग पिढ्यान् पिढ्या राहतो. आणि शंकेचे निरसन झाल्यावरही ती उराशी बाळगणाराचे अखेर नुकसानच होते. आपल्या मंडळाची कार्यकारिणी निवडतानाही या दोन्ही गोष्टी सारख्याच स्मरणात ठेवाव्यात. मत उघड सभेत मांडावे, मोजणी सर्वांसमक्ष व्हावी, आणि निकालानंतर पराभूतानेही त्याच सतरंजीवर बसून पुढील कामास हातभार लावावा. संस्था टिकते ती यामुळेच.