अकरावीला 'कॉलेज' म्हणतो, मग पदवीचे क्रेडिट तेव्हापासून मिळतात का?

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ म्हटलं की आधी आठवते नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी. या गावातला मुलगा किंवा मुलगी दहावी पास झाली की घरचे सांगतात, "आता कॉलेजला जाते." पण कागदोपत्री अकरावी-बारावी हे शालेय शिक्षणच आहे. 'ज्युनिअर कॉलेज' हे नाव असलं तरी परीक्षा बोर्डाची असते, विद्यापीठाची नाही.

त्यात आता क्रेडिट, अपार आयडी, क्रेडिट बँक असे शब्द शाळेतून घरी येऊ लागले आहेत. त्यामुळे साहजिकच प्रश्न पडतो की बारावीच्या आतच पदवीचा थोडा भाग उरकता येतो का?

थोडक्यात उत्तर असं : पदवीचे क्रेडिट थेट मिळत नाहीत. पण दहावीनंतर केलेलं शिक्षण पुढे धरलं जाईल, असे काही रस्ते महाराष्ट्रात आधीपासून आहेत.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय?

क्रेडिट म्हणजे अभ्यासाला दिलेल्या वेळेचं मोजमाप. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ३० तासांचं शिक्षण म्हणजे १ क्रेडिट. वर्षाचे १२०० तास धरले तर ४० क्रेडिट होतात. यात वर्गातले तास, प्रात्यक्षिकं, प्रकल्प असं सगळं मोजलं जातं. अर्थात नुसतं बसून क्रेडिट मिळत नाही, मूल्यमापनात पास व्हावं लागतं.

हे क्रेडिट ठेवायची जागा म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. ती २०२१ मध्ये सुरू झाली. अपार आयडी हा विद्यार्थ्याचा १२ अंकी क्रमांक असतो आणि त्यावर शिक्षणाची नोंद होते. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर त्यासाठी पालकांची संमती लागते.

मग शाळेचे क्रेडिट पदवीत का चालत नाहीत?

कारण क्रेडिटला संख्येसोबत पातळीही असते. आराखड्यात दहावी ही पातळी ३, बारावी ही पातळी ४ आणि पदवीचं पहिलं वर्ष ही पातळी ४.५ आहे. पीएचडी पातळी ८ वर आहे.

म्हणजे बारावीपर्यंत कितीही क्रेडिट जमले तरी ते बारावीच्या पातळीचेच राहतात. त्यातून पुढच्या वर्गाचं दार उघडतं, पदवीचं वर्ष कमी होत नाही. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. ही मोजणी पदवीला प्रवेश घेतल्यावर सुरू होते.

त्यामुळे "आमच्या कोर्सने बारावीतच पदवीचे क्रेडिट मिळतील" असं सांगून कोणी फी मागत असेल, तर एकच प्रश्न विचारा : कोणतं विद्यापीठ हे क्रेडिट धरणार आहे, आणि तसं त्यांचं पत्र आहे का?

बाहेरच्या देशात हे कसं चालतं?

अमेरिकेत हे खरोखर होतं. तिथे 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे एपी परीक्षा दरवर्षी मे महिन्यात होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. बरीच विद्यापीठं ३ किंवा त्याहून जास्त गुणांना क्रेडिट देतात, नावाजलेली अनेक विद्यापीठं ४ किंवा ५ मागतात. दुसरी सोय म्हणजे 'ड्युअल एनरोलमेंट'. यात शाळेतला विद्यार्थी कॉलेजचा विषय घेतो आणि तो दोन्हीकडे मोजला जातो. वॉशिंग्टन राज्यात अशी 'रनिंग स्टार्ट' योजना १९९० पासून आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये मुलांच्या एपीची चर्चा असते ती यामुळेच.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे रस्ते कोणते?

१. दहावीनंतर पॉलिटेक्निक. तीन वर्षांच्या डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्यासाठी सीईटी लागत नाही. म्हणजे पदवीचं पहिलं वर्ष डिप्लोमातच धरलं गेलं.

वेळेचा हिशोब मात्र नीट करा. अकरावी-बारावी २ वर्षं आणि इंजिनिअरिंग ४ वर्षं, एकूण ६. डिप्लोमा ३ वर्षं आणि पुढे ३ वर्षं, हेही ६. वर्ष वाचत नाही, पण तिसऱ्या वर्षाअखेरीस हातात नोकरीला चालणारं प्रमाणपत्र असतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा फरक मोठा आहे. पदवीच्या टप्प्यासाठी माणगाव तालुक्यात लोणेरे इथे १९८९ मध्ये स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पोलादपूर-महाडच्या मुलांना ते महामार्गावरच पडतं.

२. आयटीआय. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावी सायन्स झालेल्यांनाही ही सोय आहे. शिवाय राज्य मंडळाच्या परीक्षेत आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी 'ट्रान्स्फर ऑफ क्रेडिट'ची तरतूद आहे. आयटीआयमधले गुण धरले जातात आणि भाषा विषयांची परीक्षा द्यावी लागते. महाडच्या एमआयडीसीत काम बघायचं आणि पुढचं शिक्षणही सोडायचं नाही, अशांनी ही माहिती आधीच घ्यावी.

३. मुक्त शाळा. बारावीला एक-दोन विषयांत अडकलात तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा पर्याय आहे. मान्यताप्राप्त बोर्डात पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय तिथे धरले जातात. नोंदणी ५ वर्षं टिकते आणि परीक्षेच्या ९ संधी मिळतात. पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

४. स्वयम. केंद्र सरकारच्या या पोर्टलवर शालेय आणि पदवी स्तरावरचे कोर्स मोफत शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं. पदवीला गेल्यावर विद्यापीठाच्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे ऑनलाइन करता येतात. बारावीत असताना मात्र याकडे तयारी म्हणूनच बघा.

क्रेडिट नाही, पण आत्ताच मोजलं जातं असं काय?

अकरावीचा अभ्यास. "अकरावी म्हणजे आराम" ही समजूत महागात पडते. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो, त्यात १०० गुण एकट्या गणिताला आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणित फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी गणितातले इंग्रजी शब्द अकरावीपासूनच सवयीचे करून घ्यावेत. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात.

एक इशारा : डॉक्टर व्हायचं असेल तर डिप्लोमाचा रस्ता चालत नाही. नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे विषय लागतातच.

कागदपत्रं कधी काढायची?

प्रवेश हुकतो तो अनेकदा गुणांमुळे नाही, कागदांमुळे. ही यादी अकरावीतच हातावेगळी करा :

• अपार, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, ते तपासा. फरक असेल तर शाळेतच दुरुस्ती मागा.
• वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, तसंच उत्पन्नाचा दाखला. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून अर्ज होतो.
• जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. पोलादपूर तालुका महाडच्या प्रांत कार्यालयाखाली येतो.
• जात वैधता प्रमाणपत्र. जुने पुरावे शोधण्यात वेळ जातो, म्हणून निकालाची वाट बघू नका.

मुलींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत हवा तो यासाठी.

दहावीचा निकाल लागल्यावर पहिलं पाऊल काय?

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे आणि १० पर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरता येतात. त्याच सुमारास पॉलिटेक्निक आणि आयटीआयचे अर्जही सुरू असतात. एकच अर्ज भरून थांबू नका. निर्णय होईपर्यंत तिन्ही रस्ते खुले ठेवा. आणि पसंतीक्रम भरताना उमरठहून पोलादपूर किंवा महाडला रोज जाऊन-येऊन जमेल की राहायची सोय करावी लागेल, हेही घरात बसून आधीच ठरवा.