गल्ला म्हणजे नफा नव्हे

परभणी जिल्ह्यातील सेलू ही कापसाची बाजारपेठ. दिवाळीच्या सुमारास कापूस विक्रीला येतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळतो आणि दुकानांची उधारी वसूल होऊ लागते. अशा गावात नव्याने दुकान थाटणाऱ्याची पहिली फसगत गल्ला करतो. त्यातील मोठा भाग घाऊक व्यापाऱ्याचा आणि भाड्याचा असतो. म्हणून दुकानाचे खाते वेगळे ठेवून दरमहा ठरावीक रक्कमच घरी न्यावी. पावसाळ्यातील मंदीची तरतूद हंगामातच बाजूला काढावी.

लहान व्यापाऱ्यांसाठी आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. रोख विक्रीवर किमान ८ टक्के, तर बँक वा यूपीआयमार्गे आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरला जातो. ३० लाखांची विक्री संपूर्ण यूपीआयने झाल्यास हा नफा १ लाख ८० हजार. प्रत्यक्षात अधिक मिळाला असेल, तर अधिकच दाखवावा लागतो, याचा अनेकांना सोयीस्कर विसर पडतो. वही पाडव्याला पुजली, तरी कराचे वर्ष १ एप्रिललाच सुरू होते. मालाची उलाढाल ४० लाखांपुढे गेली, की जीएसटी नोंदणी आली.

२०२५-२६ पासून नव्या कररचनेत व्यवसायाच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्यामुळे बहुतेक नव्या दुकानदारांची खरी अडचण बचतीची आहे. नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी पगारातून आपोआप कापला जातो. दुकानदाराला तो स्वतःच कापावा लागतो. टपाल कार्यालयातील पीपीएफ खात्यात वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत १५ वर्षे. कर शून्य असला, तरी विवरणपत्र भरलेले बरे; कर्ज मागताना बँक आधी तेच पाहते.